दहा ओळींचा हिशेबनीस

पेपरच्या खेळाच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात त्याची जागा. वर बातमीला मथळा, खेळाडूचा फोटो. याच्या वाट्याला नुसती चौकट. डावीकडे संघांची नावं, मग सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गोलफरक आणि शेवटी गुण. देवस्थानाची वही वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या कारकुनासारखा हा फुटबॉल लीगचा गुणतक्ता. स्वतःहून बोलत नाही, पण विचाराल त्या दिवसाची बाकी काढून दाखवतो.

कारणं त्याला सांगून उपयोग नसतो. शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून परतला, पंचांनी पेनल्टी नाकारली, गोलरक्षक अंगात ताप घेऊन उभा राहिला, यातलं काहीही त्याच्या वहीत चढत नाही. जिंकलात तर तीन, बरोबरीला एक, हरलात तर काही नाही. मला त्याचं हे वागणं मनापासून आवडतं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातला गोल आणि शेवटच्या आठवड्यातला गोल त्याच्या तराजूत एकाच वजनाचे.

गोव्याला हे कळलं 2007-08 मध्ये. आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेचा पहिला हंगाम, दहा संघ, म्हणून दहा ओळी. प्रत्येकाचे अठरा सामने संपले तेव्हा वरच्या दोन्ही ओळी गोव्याच्या होत्या, डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स, आणि दोघांचे गुण 36. हिशेबनिसाने बोट एक रकाना मागे नेलं आणि गोलफरकावर डेम्पोला वर ठेवलं. सामना खिशात आल्यावरही न थांबता मारलेला एकेक जादा गोल त्या दिवशी कामाला आला.

भातकापणी झाली की रिकाम्या शेतात गोलपोस्ट उभे करणारा हा मुलूख. साठच्या दशकात इथल्या डेम्पो उद्योगघराण्याने उभा केलेला हा संघ आधी राष्ट्रीय लीगमध्ये, मग आय-लीगमध्ये मिळून पाच वेळा पहिल्या ओळीत आला: 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. पाचही वेळा प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. बचावात समीर नाईक आणि महेश गवळी, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स. 2011-12 मध्ये एकट्या रँटीचे 32 गोल. तक्त्यात ते संघाच्या बेरजेत विरघळून गेले. एकट्याचं नाव लिहायची त्याला सवय नाही.

पण 2014-15 मध्ये संघ ढासळला तेव्हा तक्त्याने जुनी ओळख दाखवली नाही. पाच वेळचा विजेता खालच्या श्रेणीत गेला. मला तेव्हा वाईट वाटलं, पण तक्त्याचा राग आला नाही. डेम्पोनेही पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून आपली जागा परत कमावली. न्याय झाला होता.

अन्याय झाला तो तक्त्याबाहेर. 2016 मध्ये फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचं स्थान आणि आय-लीगला खालचं, असा आराखडा मांडला. मैदानावर कितीही गुण मिळवले तरी वर जाण्याची वाटच उरणार नाही, हे दिसल्यावर गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या संघांनी माघार घेतली. कमावलेली जागा सोडून डेम्पोही निघून गेला. माझ्या मते भारतीय फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा तोटा, कारण हे संघ खेळात हरून गेले नव्हते. आणि गेलेल्यांसाठी तक्त्यात रकाना नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचंही असंच झालं. राष्ट्रीय लीगचा 2005-06 चा हा विजेता संघ 2010 मध्ये बंद झाला. विजेत्यांच्या यादीत नाव आहे, संघ नाही.

आय-लीगच्या 2024-25 च्या हंगामात तर तक्त्याच्या हातातून वहीच काढून घेतली गेली. सामने संपले तेव्हा चर्चिल वर होता. नियमांवरच्या वादात जुलै 2025 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने जेतेपद इंटर काशी या संघाला दिलं. नियमांचा कीस काढणं गरजेचं असेलही, पण विजेता कोण हे मैदान रिकामं झाल्यावर महिनोन्‌महिने कळू नये, हे मला पटत नाही.

त्याच हंगामाच्या सुरुवातीचा तक्ता मी जपून ठेवला आहे. खालच्या श्रेणीत उपविजेता ठरून, नऊ हंगामांच्या गैरहजेरीनंतर, एक जुनं नाव आय-लीगच्या चौकटीत पुन्हा छापलं गेलं होतं. डेम्पो: सामने 0, गुण 0.