सीतामाईच्या डोंगरावरून

सातारा जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगला की आम्ही मुलांना नेहमी दोन ठिकाणांवर बोट ठेवायला सांगतो. एक महाबळेश्वर, दुसरे दहिवडी. जिल्हा एकच, पण एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दुसरीकडे पाचशेच्या आतबाहेर. आपल्या वसतिगृहात येणारी पुष्कळशी मुले या दुसऱ्या बोटाखालची आहेत. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ ही त्यांची गावे. वाळवंट पाहायला राजस्थानात जाण्याची गरज आम्हांला कधी वाटली नाही, ती यामुळेच.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याच्या एका गिर्यारोहण मंडळाने माण तालुक्यातील कुळकजाईचा सीतामाई डोंगर चढण्याची मोहीम काढली. आपल्या शाळेतील आम्ही चार शिक्षक तीत सामील झालो. चौघांचीही वये पन्नाशीपुढची, आणि गुडघ्यांविषयी न बोललेलेच बरे. तरी जायचे ठरले, कारण माणगंगा तिथे उगम पावते. तीच नदी पुढे आटपाडीतून सांगली जिल्ह्यात जाते आणि अखेर पंढरपूरच्या परिसरात भीमेला मिळते. जिच्या काठची मुले आम्ही शिकवतो, तिचा उगम आम्ही पाहिला नव्हता.

वाट दाखविणारा तरुण त्याच भागातला, शेतीची पदवी घेतलेला. पहाटेच्या अंधारात तीसेक माणसांची रांग त्याच्या मागे निघाली. पायाखाली मुरूम, दोहोंकडे तरवड, घायपात आणि वाळलेले कुसळी गवत. सूर्य वर आला तेव्हा झाडाची सावली म्हणावी अशी काही नव्हतीच. सावली होती ती पुढे चालणाऱ्याची. एक धनगर मेंढरे घेऊन आडवा गेला. त्याने आमच्या पाठीवरील पिशव्यांकडे पाहून विचारले, "पाणी घेतलंय न्हवं?" त्या मुलखात रामराम नंतर येतो.

सीतामाईची दंतकथा वाटाड्याने सांगितली. संक्रांतीला तिथे बायकांची मोठी गर्दी होते, हेही सांगितले. दंतकथेत आमचे मन रमले नाही. मात्र त्याने पुढे जे दाखविले ते इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांला सापडले नव्हते. याच डोंगरातून दोन नद्या निघतात. माणगंगा आग्नेयेला माणदेशात उतरते, बाणगंगा उत्तरेला फलटणकडे जाते आणि नीरेला मिळते. फलटणच्या सखल भागात नीरा उजवा कालवा खेळतो, तिथे ऊस उभा राहतो. इकडे मात्र हिवाळा सरत आला की टँकरची चर्चा सुरू. डोंगर तोच, आकाशही तेच. कालवा कोठून न्यायचा हे मात्र ढगांनी ठरविलेले नाही, माणसांनी ठरविले. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा त्यांनी नद्या, धरणे आणि वीज यांच्या नियोजनात एवढे लक्ष का घातले, ते या कड्यावर उभे राहून चांगले उमगते.

माथ्याच्या खाली एका सपाटीवर विसावा घेतला. एका निवृत्त गृहस्थांनी आमच्यातील बाईंपुढे पाण्याची बाटली धरली आणि सहज विचारले, "आपलं आडनाव?" बाईंचे आडनाव गावावरून आलेले, त्यावरून काही कळत नाही. मग "गाव कोणतं?" आणि मग "म्हणजे मूळचे कोण?" बाई म्हणाल्या, "आम्ही बौद्ध." गृहस्थांनी बाटली मागे घेतली नाही, हे नमूद केले पाहिजे. ते "बरं, बरं" म्हणाले आणि माथा येईपर्यंत आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाई पाणी प्याल्या, बाटली त्यांच्या हाती परत दिली आणि चालू लागल्या.

आम्हां चौघांनाही त्या क्षणी मसूरचे स्थानक आठवले असणार, कारण वर पोहोचल्यावर वाटाड्याने "सर, बाबासाहेब आमच्या भागात आले होते म्हणतात, खरं का?" असे विचारताच चौघांनी एकदमच उत्तर द्यायला सुरुवात केली. मग सगळ्या मंडळींसमोर ती हकिकत सांगितली. 1901 साल. खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता आणि सुभेदार रामजी तिथे खजिनदार होते. साताऱ्याहून नऊ-दहा वर्षांचे भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघाले, मसूरला उतरले. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करीत होता. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. रात्री नाक्यावर पाणी मागितले, मिळाले नाही. शिदोरी जवळ असून पाण्याविना मुले उपाशी निजली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे, आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 साली पुस्तिकारूपाने छापली.

काहींनी मनापासून ऐकले. एक-दोघांनी घड्याळ पाहिले. ते निवृत्त गृहस्थ दूर बसले होते, पण तलावाचे काम कोणत्या गावी होते, एवढे त्यांनी विचारले. वाटाडा म्हणाला, "माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. ती सांगते, कामावर पाण्याचे माठ वेगळे होते." यावर कोणी काही बोलले नाही.

खाली उताराकडे पाहिले तर समतल चरांच्या रेघा आखलेल्या दिसत होत्या. माणच्या गावांनी श्रमदानाने अलीकडे बरेच काम केले आहे. 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातील टाकेवाडी राज्यात पहिली आली. आमचे कौतुक मात्र त्याहून जुन्या एका धरणाला अधिक आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण उभारले, त्यात ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा ठरविला गेला. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी वाटपाची मागणी लावून धरली. टेंभूचे पाणी आटपाडीत पोहोचायला मध्ये कितीतरी वर्षे गेली. जमिनीच्या मालकाला पाणी आणि बिनजमिनीच्याला फक्त चर खणण्याचा मान, असा हिशेब आपल्या वस्त्यांनी फार काळ पाहिला आहे.

सोमवारी नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर माणगंगेचा उगम काढून दाखविला. आटपाडी तालुक्यातील एका मुलीला म्हटले, "ही तुझ्या गावची नदी." ती म्हणाली, "सर, नदीत पाणी असतं तेव्हा ठीक. टँकर येतो तेव्हा तो आधी वेशीजवळ थांबतो, मग आमच्याकडे." आम्ही विचारले, "तोवर किती उरतं?" तिने वही उघडली आणि बॅरल मोजायला सुरुवात केली.