पाट्या वाचणारी मुलं

"अक्षरांचे चार्ट, टॅबलेट, सगळं माळ्यावर टाका, म्हणजे बोलायला लागेल." स्पीच थेरपिस्ट म्हणून पालकांना मी बरीच वर्षं हेच सांगत आले. आता सांगत नाही.

ही मुलं येतात तीनेक वर्षांची. एसटीची पाटी, औषधाचं खोकं, दुकानाचा बोर्ड, कुणी न शिकवता धडाधड वाचतात. तहान लागली की मात्र 'तुला पाणी हवंय?' असं आईचंच वाक्य आईला ऐकवतात. नाव विचारलं तर प्रश्नच परत येतो. घरात कौतुक मावत नाही: 'बोलेल हो, बापही उशिराच बोलला!' या कौतुकापायी साधी कानांची तपासणीसुद्धा लांबते. मला अक्षरांचा राग यायचा तो त्यामुळे.

सिल्बरबर्ग यांनी 1967 मध्ये अशा लवकरच्या वाचनाला 'हायपरलेक्सिया' म्हटलं. पुढे डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी तीन गट पाडले: नुसतीच लवकर वाचणारी मुलं, स्वमग्नता असलेली, आणि स्वमग्नतेसारखी लक्षणं दिसून ती हळूहळू ओसरणारी. तिसऱ्या वर्षी नुसतं वाचन ऐकून मूल कुठल्या गटातलं हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून तपासणीचा आग्रह मी सोडलेला नाही. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) ती होते.

बदललं ते पुढचं. एका मुलीला 'बूट घाल' सांगून सगळे थकले होते. मी कंटाळून ते कागदावर लिहिलं. तिने वाचलं आणि बूट घातले. बोललेला शब्द तिला पकडता येईपर्यंत विरून जायचा, लिहिलेला थांबून राहायचा. ज्याला मी खूळ म्हणत होते, तीच तिची भाषेकडे जायची वाट होती.

आता तहानेच्या वेळी मी 'मला पाणी हवंय' ही चिठ्ठी मुलासमोर धरते. मूल वाचतं, लगेच पाणी मिळतं. मग एकेक शब्द झाकत जायचा. वाचलं म्हणजे कळलं, असं मात्र धरायचं नाही. 'ससा झाडाखाली झोपला' हे अस्खलित वाचणारं मूल, ससा कुठे आहे विचारलं की पुष्कळदा तेच वाक्य पुन्हा वाचतं. मग खेळण्यातला ससा आणि झाड काढावं लागतं.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. चिठ्ठीची सवय लागली की मूल तिच्यावाचून तोंड उघडणार नाही, असं त्यांना वाटतं. तशी मुलं मीही पाहिली आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या काढायला वेळ लागला, पण चिठ्ठ्यांआधी ती काहीच मागत नव्हती.