गळती

आमचे अण्णा नगरपालिकेत चावीवाले. पहाटे साडेतीनला उठून, छातीएवढी लांब लोखंडी चावी सायकलला बांधून ते निघतात आणि गल्लोगल्ली पाणी सोडतात. अण्णा उठले नाहीत तर अर्धं गाव पारोसं राहील, अशी फुशारकी मी शाळेत मारत असे. अशा माणसाच्या घरात सिंकखाली तीन महिने पातेलं ठेवलेलं होतं, हे कुणाला सांगायचं?

मोरी काढून सिंक बसवलं ते गेल्या वर्षी, माझ्याच हट्टानं. "आईची कंबर दुखते," असं मी म्हणालो खरा. पण कॉलेजातले मित्र आले तर मोरी दिसू नये, हे खरं कारण. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला ना!

प्लंबरनं ४०० रुपये सांगितले. अण्णा म्हणाले, "पाण्याच्या माणसानं पाण्यासाठी पैसं द्यायचं व्हय?" विषय संपला.

शेवटी एका रविवारी मीच सिंकखाली डोकं घातलं. बूच लावून सिंक भरलं, तर खाली थेंब नाही. बूच काढलं की गळायचं. म्हणजे दोष नळाचा नव्हता, खालच्या पाइपाचा. सांधे पुसून कोरडे केले, खाली वर्तमानपत्र अंथरलं. पहिला डाग नटाखाली पडला. आतला रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. १० रुपयांत नवा आणला.

अण्णा बॅटरी धरून उकिडवे बसले होते. उजेड सारखा हलत होता.

"धरा की नीट! लक्ष कुठंय?" मी खेकसलो.

शब्द ओळखीचे होते. चौथीत असताना सुटीत मी पहाटे त्यांच्याबरोबर जायचो, अशीच बॅटरी धरायचो, आणि झोपेनं माझा हात हलायचा. अण्णा काही बोलले नाहीत. दुसरा हात खाली लावून त्यांनी उजेड स्थिर केला.

बूच काढलं. पुन्हा थेंब! मी पाना उचलला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "प्लास्टिक हाय, फुटंल." नट सोडून त्यांनी आत बोट फिरवलं. "वायसर उलटा बसवलास. निमुळती बाजू सांध्यात, सपाट नटाकडं." मग नुसत्या हातानं नट आवळला.

आता गळत नाही. आई मात्र पातेलं अजून काढत नाही.

परवा पहाटे अभ्यासाला उठलो होतो. अण्णा चावी बांधत होते. म्हटलं, "बॅटरी धरायला येऊ का?"

"परीक्षा हाय न्हवं तुझी?" म्हणाले, आणि सायकल बाहेर काढली.