हात खाली सोडणारा मुष्टियोद्धा

रॉय जोन्स हात कमरेशी सोडून लढत असे. बचावाचा पहिलाच पाठ तो मोडी आणि केवळ चपळाईने निसटे. १९९३ मध्ये त्याने बर्नार्ड हॉपकिन्सला गुणांवर हरवले, आणि तंत्र ही सामान्यांची कुबडी आहे, असे मी ठरवून टाकले. पुढे २००४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, अँटोनियो टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने जोन्स दुसऱ्याच फेरीत कोसळला. हनुवटी झाकून, पाऊल मोजून टाकणारा हॉपकिन्स मात्र २०११ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झाला. आज थोर कोण, असे तुम्ही विचाराल, तर मी हॉपकिन्सचे नाव घेईन. पण रात्री चित्रफीत पाहतो ती जोन्सचीच. टार्व्हरची लढत मात्र लावत नाही.