आडनावाच्या आधी

'देश बिघडत चाललाय' हे मेसमध्ये रोज ऐकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'इक्वॅलिटी' सिव्हिक्सच्या पेपरात पाच ओळींत संपायची. पण आपल्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले. त्यातल्या सहा जणांची फाशी हायकोर्टाने २०१० मध्ये जन्मठेपेवर आणली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं मात्र टिकली नाहीत. मारणारे कुणी परके नव्हते, गावातलेच होते! म्हणून वाटतं, सुरुवात आपल्या हॉस्टेलपासूनच व्हावी. रूमवर नवी मुलगी आली की आडनावावरून जात शोधू नका. आधी एवढंच विचारा, "जेवलीस का गं?"