पळता न येणाऱ्यांची वस्ती

फिनिक्सला लेकीकडे गेलो होतो. जावईबापूंनी ग्रँड कॅनियन दाखवला, निवडुंगाची राने दाखवली आणि एका दुपारी हळूच म्हणाले, "बाबा, शेजारच्या स्कॉट्सडेलला एक अजब ठिकाण आहे. येता? मात्र घरी बोलू नका!"

बाहेर अंगाची लाही करणारे ऊन. आत 'अल्कॉर' नावाची संस्था. मरणानंतर देह गोठवून ठेवायचा आणि पुढेमागे विज्ञानाने उठवले तर उठायचे! आजवर कोणी उठलेले नाही, हे सांगायला नकोच. पुरुषभर उंचीहूनही उंच अशी चकचकीत पोलादी पिंपे ओळीने उभी. एकेकात चार देह. 'प्रेत' म्हणायचे नाही हं, 'रुग्ण' म्हणायचे!

मी पडलो पुणेकर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आजीला बाबांनी आणि काकांनी झोळीत घालून पर्वतीकडे नेले होते. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच, "संकट आले तर यांना कोण उचलणार?"

माहिती सांगणाऱ्या बाई हसल्या. भरलेले पिंप उचलून का कुठे पळता येते? म्हणून सारी तजवीज आधीच. पिंप म्हणजे भलामोठा थर्मासच. दोन भिंती, मध्ये निर्वात पोकळी, आत उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. वीज गेली तरी बिघडत नाही. उडून गेलेला नायट्रोजन तेवढा वरचेवर भरायचा. देह ठेवतात डोके खाली, पाय वर! पातळी घटलीच तर पाय आधी उघडे पडावेत, डोके शेवटी. आणि वायू खोलीत कोंडला तर जिवंत माणूसच गुदमरायचा. तेव्हा आधी त्याने बाहेर पळायचे.

खरे स्थलांतर त्यांनी १९९४ साली केले. कॅलिफोर्नियात भूकंपाचे भय, म्हणून सारे रुग्ण घेऊन संस्था इकडे ॲरिझोनात आली. त्यांत जेम्स बेडफर्ड नावाचे प्राध्यापकही होते. १२ जानेवारी १९६७ रोजी गोठवलेले हे पहिले गृहस्थ. अल्कॉरकडे येण्यापूर्वी त्यांनी बरीच बिऱ्हाडे बदलली. मधली काही वर्षे तर घरच्यांनीच पिंपात नायट्रोजन ओतून त्यांना सांभाळले.

सगळ्यांचे नशीब असे कुठले? कॅलिफोर्नियातच चॅट्सवर्थच्या दफनभूमीतल्या तळघरात ठेवलेले नऊ देह वितळून गेले. १९७९ साली हे उघडकीस आले. ना आग, ना भूकंप. पैसा आटला, नायट्रोजन ओतणारे हात थांबले, इतकेच. ते ऐकल्यावर मी पिंपांपेक्षा त्या बाईंकडेच जास्त पाहू लागलो.

घरी आलो तर लेक दारातच उभी. "कुठे गेला होता इतक्या उन्हात?"

जावईबापू छताकडे पाहू लागले.

"काही रुग्णांच्या समाचाराला," मी म्हणालो, आणि पाणी मागितले. बर्फाशिवाय.