वळिवड्याहून पुढे कुठे?

मिरजेहून कोल्हापूरला जाताना रुकडी मागे पडली की वळिवडे येते. हे नाव मी पहिल्यांदा आजोबांच्या तोंडून ऐकले. आजोबा कराडकडचे. जून 1943 मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, त्या धामधुमीत ते भूमिगतांना भाकऱ्या पोचवत. त्याच वर्षी वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. इंग्रजांवर दात खाणारे आजोबा इंग्रजांनीच आणून ठेवलेल्या या गोऱ्या बायापोरांविषयी मात्र कधी वाकडे बोलले नाहीत. “त्यांचं गावच गेलं रे,” एवढेच म्हणायचे.

ते शब्दशः खरे होते, हे मला फार उशिरा कळले. स्टालिनने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून या लोकांना उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तिथून सुटून 1942 मध्ये ते इराणला आले आणि पुढे आपल्याकडे. वळिवड्यात सुमारे पाच हजार माणसे होती, बहुतेक बाया आणि मुले. शाळा, चर्च, सिनेमा, स्काउट, सगळे छावणीत होते. पाहुणे लढाई संपेपर्यंतचे, असे सगळेच धरून चालले होते.

सप्टेंबर 2019 मध्ये त्या छावणीत वाढलेले काही जण कोल्हापूरला आले, तेव्हा मी मुद्दाम सांगलीहून गेलो. त्यांच्यातल्या एका आजींशी दुभाष्यामार्फत बराच वेळ बोलता आले. मी छावणीतल्या दिवसांविषयी विचारत होतो आणि त्या पुनःपुन्हा निघण्याच्या दिवसांकडे वळत होत्या. लढाई संपली, पण याल्टाच्या वाटाघाटीत त्यांचा मुलूख सोव्हिएत रशियाकडे गेला. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. आता या लोकांच्या वतीने बोलणार कोण?

ज्यांच्या घरचा माणूस ब्रिटिशांबरोबर लढलेल्या पोलिश सेनापती अँडर्स यांच्या सैन्यात होता, त्यांना ब्रिटनची वाट मोकळी झाली. तिथे 1947 मध्ये तसा कायदाच झाला. आजींचे वडील सायबेरियातच वारले होते. अशा कुटुंबांसाठी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना देशोदेशीच्या सरकारांना गळ घालत होती. सरकारांना हवे होते कष्टाला तयार हात, आणि छाती निरोगी हवी. आजींचा भाऊ क्षयाने पाचगणीला उपचार घेत होता. एक्स-रेची फिल्म केवढी होती, ते त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. आई ती फिल्म खिडकीशी धरून न्याहाळायची, तिला त्यातले काही कळत नसतानाही. मुलाला मागे ठेवून जायला ती तयार नव्हती. शेवटी त्यांची रवानगी आफ्रिकेतल्या छावणीत झाली आणि काही वर्षांनी ऑस्ट्रेलियाने घेतले, सगळ्यांनाच.

आश्रय दिल्याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण त्या माउलीचे पुढचे हाल आपल्या गोष्टीतून गळतात, याचे मला वाईट वाटते. पुढे तीसेक वर्षांनी व्हिएतनाममधून होड्यांतून निघालेल्या लोकांच्या वेळी जगाला थोडे शहाणपण आले होते. मलेशिया, थायलंडने हात वर केल्यावर जुलै 1979 मध्ये जिनिव्हात देशांना एकत्र बसवले गेले आणि सुमारे दोन लाख साठ हजार माणसांना कायमचे घर देण्याचा शब्द घेतला गेला. अमेरिकेने आपला महिन्याचा आकडा सात हजारांवरून चौदा हजारांवर नेला. कायमच्या घराची हमी मिळाली, तेव्हा किनाऱ्यावरच्या देशांनी तात्पुरते दार उघडे ठेवले. वळिवड्याला असा एकगठ्ठा शब्द कुणी दिला नाही. तिथे एकेका कुटुंबाचा कागद वेगळा फिरला.

मी आठवीला इतिहास शिकवतो. वळिवड्याची गोष्ट आता 1943 ला उरकत नाही, 1948 पर्यंत आणतो आणि मुलांना जगाच्या नकाशावर रेघा ओढायला लावतो: इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. परवा एका मुलीने विचारले, “सर, एवढी वर्षं राहिले तर मग इथंच का नाही राहिले?” तिला फाळणी सांगावी लागली. लाखो माणसे आपल्याच दारात उभी होती. पोलिश लोक गेले, त्या छावणीत सिंधी निर्वासित आले. त्यांना कुठल्या देशाची मनधरणी करायची नव्हती, ते स्वतःच्याच देशात आले होते. सांगली-साताऱ्याची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला जातात, ते गांधीनगर त्यांनीच वसवले.